ऐकलेला पक्षीही मोजतात



आयोजकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. १९७८ च्या आपल्या दहावीच्या तुकडीतले काही जण पक्षी बघत हिंडतात, त्याविषयी थोडं सांगतो.

मे महिन्यात एका शनिवारी जगभर ‘ग्लोबल बिग डे’ असतो. त्या दिवशी दिसलेल्या पक्ष्यांच्या नोंदी लोक ‘ई-बर्ड’वर करतात. २०१५ पासून हे चालू आहे. यंदा त्या निमित्ताने आम्ही चौदा जण पहाटेच सिंहगडाच्या पायथ्याशी पोचलो.

“भर वैशाखात कसले पक्षी?” असं घरोघरी विचारून झालं होतं. प्रश्न रास्त आहे. ज्वारीवर उतरणारे भोरड्यांचे थवे तोवर मध्य आशियाकडे परतलेले असतात. पण हिवाळी पाहुणे गेले की दुसरी मंडळी येऊ लागतात. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत हिवाळा काढलेला नवरंग पावसाआधी इकडे वीण करायला येतो. त्याच्यामागून आफ्रिकेहून चातक येतो.

नवरंगाची पाठ हिरवी, बुडाशी लालभडक, डोळ्यावर काळा पट्टा. एवढे रंग असूनही तो सहसा दिसत नाही, कारण झाडीतल्या पाचोळ्यात किडे शोधत फिरतो. पहाटे आणि संध्याकाळी मात्र दोन सुरांची खणखणीत शीळ घालतो.

आमच्यातल्या एका मित्राला काचबिंदू आहे. त्याच्या परवानगीनेच सांगतो. “मला काय दिसणार? तुमचा खोळंबा होईल,” म्हणून तो यायला तयार नव्हता. हट्टाने नेलं. ओढ्याकाठी आम्ही तेरा जण दुर्बिणी सरसावून उभे, आणि तो हळूच म्हणाला, “डावीकडे, खाली. दोनदा बोलला.” आम्ही श्वास रोखला. तिसऱ्यांदा शीळ आली, ती सगळ्यांनी ऐकली. नवरंग काही दिसला नाही. पण ई-बर्डच्या यादीत ऐकलेला पक्षी पाहिलेल्याइतकाच धरतात. आमच्या यादीतला नवरंग त्याचा आहे.

आता आपल्या वयाचं बघा. चष्मेवाल्या पक्ष्याची बारीक किणकिण आमच्यातल्या निम्म्या चष्मेवाल्यांना ऐकूच येत नाही. कुणाची मान वर होत नाही, कुणाचा गुडघा चढ म्हटला की कुरकुरतो. एकट्याने गेलं तर निम्मे पक्षी हुकतील. चौदा जणांचे मिळून मात्र दोन चांगले कान, दोन चांगले डोळे आणि नावं आठवणारं एक डोकं निघतंच.

आज जे आले नाहीत, त्यांतल्या काहींनी फोनवर सांगितलं, “आता कुठे जमतंय?” त्यांना माझा निरोप द्या. पावसाळा संपला की पुन्हा निघू. सपाट रस्ता निवडू, दर अर्ध्या तासाला बसू. सर, बाई, तुम्हीही या. खुर्ची आम्ही उचलू, हजेरी तुम्ही घ्या.