नसबनुमा म्हणजे छेद

(जळगावात तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या मामेबहिणीपासून सुरुवात करतो. धुळ्यात उर्दू माध्यमातून ती दहावी झाली. गणितात हुशार. अकरावीला सायन्स घेतले आणि माध्यम झाले इंग्रजी. साल २०२०. कॉलेज बंद, शिकवणे व्हॉट्सअॅपवर, आणि ग्रुप भावाच्या फोनवर. भाऊ सकाळी फोन घेऊन कामावर जायचा. तिच्या हाती तो रात्री यायचा. सर व्हिडिओत ‘डिनॉमिनेटर’ म्हणाले की ती अडायची. अपूर्णांकाचा छेद तिला पाचवीपासून माहीत होता, पण ‘नसबनुमा’ या नावाने. भावाच्या नंबरवरून, सगळ्या वर्गासमोर, हे विचारायचे कसे? वर्षभरात तिने सायन्स सोडले.

दोन वर्षांनी शेजारची मुलगी त्याच वाटेने अकरावीला गेली. बहिणीने तिच्यासाठी ते जुने व्हिडिओ शोधले. भावाने फोनमध्ये जागा हवी म्हणून ते कधीच डिलीट केले होते. ग्रुपही राहिला नव्हता. वर्षभराची एका शिक्षकाची मेहनत, आणि पुढच्या मुलीला त्यातले काहीच मिळाले नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या धंद्यात रोज जे वापरतो, त्यातले पुष्कळ फुकट आणि खुले असते. ‘खुले’ म्हणजे नुसते फुकट नव्हे. वापरा, बदला, भाषांतर करा, पुढे द्या, अशी लेखी परवानगी त्याच्यासोबत असते. चूक दिसली तर कोणीही दाखवतो, दुरुस्ती सगळ्यांसमोर होते आणि कोणी काय बदलले याची नोंद राहते. व्हॉट्सअॅपवर आपण फॉरवर्ड पुष्कळ करतो. त्यात चूक असेल तर तीही तशीच पुढे जाते. मूळ कोणी लिहिले तेही कळत नाही.

ही रीत परदेशातून आली असे वाटत असेल तर चाळीसगावजवळच्या पाटणला जा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला. त्याला १२०७ साली दान मिळाल्याचा शिलालेख तिथे आहे, त्यातला काही मजकूर जुन्या मराठीत. त्या मठाचे दार सगळ्या जातींना उघडे होते असे मी म्हणणार नाही. पण ग्रंथ तिथे अडकून राहिला नाही. ११५० सालची ‘लीलावती’ १५८७ मध्ये अकबराच्या दरबारात फैजीने फारसीत आणली. पुढे शाहजहानच्या काळात अताउल्ला रशीदीने भास्कराचार्यांचे ‘बीजगणित’ फारसीत नेले. म्हणजे आपल्या खानदेशात शिकवले जाणारे गणित मुसलमान विद्वानांनी दुसऱ्या भाषेत नेऊन आणखी लोकांच्या हाती दिले. आपल्याला तेच काम छोट्या प्रमाणावर करायचे आहे.

आता कामाचे बोलतो. बालभारतीची नववी-दहावीची गणित-विज्ञानाची पुस्तके मराठी, उर्दू आणि इंग्रजीत निघतात. पीडीएफ मोफत मिळतात. त्यांचे हक्क मंडळाकडे आहेत, म्हणून पाने उचलून छापू नका. पण तिन्ही पुस्तके शेजारी शेजारी उघडा आणि शब्दांची जोडी लावा. छेद, नसबनुमा, डिनॉमिनेटर. त्वरण, इसराअ, अॅक्सेलरेशन. प्रकाशसंश्लेषण, जियाई तालीफ, फोटोसिंथेसिस. प्रत्येक शब्दापुढे एक ओळ सोपा अर्थ आणि एक उदाहरण, आपल्या शब्दांत.

पाच जणांनी शंभर-शंभर शब्द घेतले तर पाचशे होतात. यादी ग्रुपमध्ये ठेवू नका. नंबर न देता, लॉगिन न करता उघडेल अशा जागी ठेवा. मुलींचे नंबर अनोळखी लोकांच्या हाती जाणार नाहीत आणि भावाच्या फोनवर दोन मिनिटे मिळाली तरी शब्द सापडेल. प्रत्येक पान एका उर्दू शाळेच्या आणि एका ज्युनिअर कॉलेजच्या शिक्षकाकडून तपासून घ्या. वर एक ओळ लिहा: कोणीही वापरा, सुधारा, पुढे द्या, आमचे नाव ठेवा आणि तुमचेही असेच खुले ठेवा. विकिपीडिया याच अटीवर चालतो. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे छोटे व्हिडिओही याच अटीवर मिळतात, मराठीतसुद्धा.

कोणी म्हणेल, शब्दांच्या यादीने काय होणार? घरात एकच फोन आहे, फी आहे, लग्नाची घाई आहे. खरे आहे. यादीने ते प्रश्न सुटणार नाहीत, त्यासाठी घराघरांत जाऊन बोलावेच लागेल. पण माझ्या बहिणीचे सायन्स ज्या शब्दांवर अडले ते मला मोजता आले असते. मला ते तिन्ही भाषांत माहीत होते. मी लिहून ठेवले नव्हते, एवढेच.

पहिले शंभर शब्द मी आणले आहेत. त्यातल्या उर्दू शब्दांची तपासणी तिनेच केली आहे आणि माझ्या अकरा चुका काढल्या आहेत. बाकीचे कोण घेणार, हात वर करा.