सातबाऱ्यावर नाव नसलं तरी

(महाड-पोलादपूर भागातल्या महिला श्रोत्यांसाठी सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

दुपारची भांडी आटोपून जरा टेकला असाल. आज मला आपल्या डोंगराबद्दल बोलायचं आहे. त्याआधी माझी स्वतःची एक चूक तुम्हाला सांगते, म्हणजे मी उपदेश करायला आले आहे असं वाटणार नाही.

माझं माहेर पोलादपूर तालुक्यातलं. वाडीच्या वर आमचा वरकस माळ होता. आजोबा तिथे नाचणी-वरी पिकवायचे. पुढे माणसं मुंबईला गेली आणि तिथे नुसतं गवत राहिलं. आठ वर्षांपूर्वी भाऊ आला आणि म्हणाला, "ताई, वडिलांच्या मागे तुझंही नाव लागलंय. एक सही दे." ते हक्कसोडपत्र होतं. मी न वाचता सही केली. माहेर तुटू नये, एवढाच विचार तेव्हा मनात होता. वर्षभरात माळ विकला गेला. आज तिथे तारेचं कुंपण आहे, जेसीबीने डोंगर कापून काढलेला रस्ता आहे आणि बंगलो प्लॉटची पाटी आहे. झऱ्याकडे आणि वरच्या शेतांकडे जाणारी आमची पायवाट कुंपणाच्या आत गेली. माझी वहिनी आता एप्रिल-मे महिन्यांत खालच्या विहिरीवर जाते. चढ चढून दोन हंडे वर आणायला तिला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागतो.

भावाला मी दोष देत नाही. मुलीचं लग्न होतं, मुंबईच्या खोलीचं कर्ज होतं. जमीन त्याची होती, त्याने विकली. पण त्या झऱ्यावर बारा घरं पाणी भरत होती आणि त्या बारा घरांना कुणी एका शब्दाने विचारलं नाही. आम्हीही बोललो नाही. सातबाऱ्यावर नाव नाही, मग आपण काय बोलणार, असं प्रत्येकीला वाटलं. आज मला एवढंच सांगायचं आहे की हे वाटणं चुकीचं होतं.

आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि तरी मे महिन्यात हंडा डोक्यावर असतो. पडलेलं पाणी सावित्री, काळ, गांधारी या नद्यांमधून वाहून जातं. डोंगरातली माती, झाडं आणि भेगाळलेला खडक जेवढं पाणी धरून ठेवतात, तेवढंच पुढे झऱ्याला आणि विहिरीला येतं. माळ सपाट करून काँक्रीट ओतलं की मुरणारं पाणी कमी होतं. वर बंगल्यांची बोअरवेल आली की उरलेलंही खेचलं जातं.

पावसाळ्यातली भीती वेगळीच. २००५ च्या जुलैमध्ये महाड तालुक्यात दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन इथे दरडी आल्या. २२ जुलै २०२१ ला तळियेत डोंगर खाली आला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच दिवसांत पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीतही दरडी कोसळल्या. या दरडी बंगल्यांमुळे आल्या, असं मी म्हणत नाही. तो पाऊसच भयंकर होता. पण ज्या डोंगराला अशी खोड आहे, त्याचा पायथा खोदायचा, त्याचे ओहोळ बुजवायचे आणि वर भार टाकायचा, हे शहाणपणाचं नाही. पावसाळ्यात तो बंगलेवाला शहरात असतो. डोंगराखाली आपण झोपलेल्या असतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या पैशापुढे आणि सरकारपुढे आपलं काय चालणार? त्यासाठी तुम्हाला वसईला घेऊन जाते. वसईचा पश्चिम पट्टा म्हणजे केळीच्या बागा, पानवेली, फुलं, भाजी. तिथल्या बायका पहाटे टोपल्या घेऊन लोकलने मुंबईला जायच्या. १९८० च्या दशकाच्या शेवटी त्या हिरव्या पट्ट्यात मोठ्या इमारती उभ्या करायचं ठरू लागलं. १९९० मध्ये त्या भागाचं नियोजन सिडकोकडे गेलं. तिकडे नव्या वसाहतींना पाणी पुरेना, म्हणून वाड्यांतल्या विहिरींचं पाणी उपसून टँकरने विकलं जाऊ लागलं. बागायतीच्या विहिरी आटू आणि खारावू लागल्या.

तेव्हा हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते. हे तेच फादर दिब्रिटो, जे २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पण लढा एकट्या फादरांचा नव्हता. सगळ्या धर्मांचे आणि जातींचे बागायतदार त्यात होते. मोर्चे निघाले, सह्या गोळा झाल्या.

सगळं वाचलं का? नाही. विरार-नालासोपाऱ्याकडे इमारतींची दाटी झाली. २०१८ च्या जुलैमध्ये रुळांवर पाणी साचून गाड्या बंद पडल्या आणि वसईची वस्ती पाण्यात अडकली, हे आपण टीव्हीवर पाहिलं. पण पश्चिमेला ज्या वाड्या आज हिरव्या दिसतात, त्या आपोआप राहिलेल्या नाहीत. माणसं वेळेवर बोलली, म्हणून त्या राहिल्या.

दुसरं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं. पेण, उरण, पनवेल तालुक्यांत महामुंबई सेझसाठी शेतजमिनी घ्यायच्या होत्या. शेतकऱ्यांनी विरोध केला. प्रा. एन. डी. पाटील, उल्का महाजन अशी माणसं त्यांच्याबरोबर होती. २१ सप्टेंबर २००८ ला हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारला जनमत घ्यावं लागलं. जमीन द्यायची की नाही, ते शेतकऱ्यांनी स्वतः लिहून दिलं. पुढे भूसंपादनाची मुदत संपली आणि तो सेझ झाला नाही.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. जेसीबी येईपर्यंत लोक थांबले नाहीत. कागदावर रेघा ओढल्या जात होत्या तेव्हाच ते बोलले.

असे कागद आता आपल्या दारापर्यंत आले आहेत. आंबेनळी घाट चढून गेलं की पलीकडे साताऱ्याच्या बाजूला नवीन महाबळेश्वर प्रकल्पासाठी २३५ गावांचं नियोजन राज्य रस्ते विकास महामंडळाकडे दिलं गेलं. पश्चिम घाटातल्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा केंद्राने ३१ जुलै २०२४ ला पुन्हा काढला. त्यात महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे आणि आपल्या महाड-पोलादपूरची गावंही आहेत.

या मसुद्याची गावागावात भीती घातली जाते. "तुम्हाला घराची कौलंसुद्धा बदलता येणार नाहीत," असं सांगतात. हे खरं नाही. राहत्या घराची दुरुस्ती आणि वाढ करायला मसुद्यात मुभा आहे. जमिनीची मालकी बदलायलाही बंदी नाही. बंदी सुचवली आहे ती खाणींना, दगड-वाळू उपशाला, जास्त प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांना आणि २०,००० चौरस मीटर व त्यापुढच्या नव्या बांधकामांना. २०,००० चौरस मीटर म्हणजे किती? आपलं सरकारी घरकुल २५ चौरस मीटरचं असतं. म्हणजे ८०० घरकुलं एका ठिकाणी. तुमच्या-माझ्यापैकी कोण एवढं बांधणार आहे? मग ही भीती कुणाच्या सोयीची आहे, याचा विचार करा. मसुद्यात आपल्या अडचणीचं काही वाटलं, तर तेही लिहून कळवायचं असतं. पण आधी वाचायचं.

आता करायचं काय, ते सांगते.

सरकार आराखडा किंवा मसुदा जाहीर करतं, तेव्हा हरकतीसाठी मुदत देतं. कधी महिना, कधी दोन महिने. पश्चिम घाटाच्या मसुद्याला ६० दिवस होते. हरकत कुणीही घेऊ शकतं. त्यासाठी सातबारा लागत नाही. साध्या कागदावर लिहायचं की आमच्या वाडीचा झरा इथे आहे, इतकी घरं पाणी भरतात, पायवाट इथून जाते, गेल्या पावसात इथे भेग पडली. हे आपल्याइतकं कुणाला माहीत आहे? अर्ज दिला की पोच घ्यायची आणि ती पिशवीत जपून ठेवायची.

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असा कायदा आहे. ती होते का, विचारा. नुसत्या सह्या फिरवून घेत असतील तर सही देऊ नका. मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक बाई ग्रामसभेची सभासद आहे. गावातले झरे, ओहोळ, दरडीच्या जागा आणि वाटा यांची यादी करून तिचा ठराव करून घ्या.

शेतावर जायची वहिवाटीची वाट कुणी अडवली, तर मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. आमच्या वाडीला हे कळलं, तेव्हा दुसरा पावसाळा उलटला होता.

आणि शेवटची गोष्ट घरातली. हक्कसोडपत्र पुढे आलं तर म्हणा, "दादा, दोन दिवस दे. वाचून सही करते." २००५ पासून मुलीला वडिलांच्या वडिलोपार्जित जमिनीत मुलाएवढा हक्क आहे. हक्क सोडायचा की ठेवायचा, ते तुम्ही ठरवा. पण जमिनीचं पुढे काय होणार, हे विचारल्याने माहेर तुटत नाही. विकायचीच वेळ आली, तर झरा आणि वाट वगळून विका. खरेदीखतात तसं लिहून घ्या.

मागच्या महिन्यात माहेरी गेले होते. शेजारचा माळ घ्यायला माणूस येऊन गेला, असं वहिनी म्हणाली. यंदा वाडीतल्या नऊ बायकांनी मिळून ग्रामपंचायतीत अर्ज दिला आहे. पहिली सही वहिनीची आहे. तिचं नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नाही. अर्जाची पोच तिने देव्हाऱ्यामागे ठेवली आहे. पुढच्या ग्रामसभेला ती ती घेऊन जाणार आहे.

तुमच्या गावची ग्रामसभा कधी आहे, ते आजच विचारून ठेवा.