आवडीचे गाणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार बायकांत उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत. दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या खेड्यात पुढची शाळा नव्हती, आणि मुलीला रोज सहा किलोमीटर पाठवावे असे घरात कोणाच्या मनात नव्हते. तेव्हा चूकभूल झाली तर सांभाळून घ्यावे.

चिटणीसबाईंनी मला विषय दिला, 'माझी आवडती गाणी आणि आवड कशी बदलत जाते'. घरी सांगितले तेव्हा मुलगी हसली. म्हणाली, "आई, तुला कुठे काही आवडतं? जे लागेल ते तू ऐकतेस." बोलणे थट्टेचे होते, पण माझ्या मनाला लागले. रात्री अंथरुणावर पडल्यावर विचार करू लागले, की खरेच, माझे गाणे कोणते?

बायकांनो, आपल्या कानांवर आपली सत्ता फार उशिरा येते. लहानपणी माझ्या कानावर पडले ते आईचे जाते. गावात पिठाची चक्की आली होती, तरी डाळी भरडायला जातेच होते, आणि जाते फिरले की आईच्या तोंडून ओवी निघायचीच. संध्याकाळी प्रार्थना झाली की खंजिरीवर राष्ट्रसंतांची भजने होत. तुकडोजी महाराज १९६८ साली गेले, म्हणजे माझ्या जन्माच्या बारा वर्षे आधी. पण यावली त्यांचे जन्मगाव आणि मोझरीला त्यांचा आश्रम, दोन्ही आपल्याच जिल्ह्यात. त्यामुळे ते गेले आहेत असे आम्हा मुलांना कधी वाटलेच नाही. पुढे एका वर्षी कापसाच्या चुकाऱ्यातून वडिलांनी टेपरेकॉर्डर आणला आणि त्याचा ताबा दादाने घेतला. तेव्हा 'आशिकी' चित्रपटाची गाणी गावोगाव वाजत होती. १९९० सालची ही गोष्ट. मला वाटू लागले, गाणे म्हणावे तर हेच. आईची ओवी सुरू झाली की मी म्हणे, "आई, पुरे कर ना!"

१९९९ साली लग्न होऊन मी अमरावतीला आले. सासरी टेपरेकॉर्डर होता आणि पत्र्याच्या डब्यात दहाबारा कॅसेटी होत्या. त्यांत सासऱ्यांनी हौसेने घेतलेले गीतरामायण होते. सासरे सांगत, की ग. दि. माडगूळकरांची ही गीते सुधीर फडक्यांच्या चालीवर १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक अशी लागत. वर्षभरात ५६ गीते झाली. त्या वेळी वेगवेगळ्या गायकांनी ती म्हटली होती. पुढे बाबूजींनी सर्व एकट्याने म्हटली. मी मान डोलवत असे आणि मनात म्हणत असे, की कधी संपते हे! त्यातले नावाड्यांचे गीत तेवढे मला आवडे, कारण त्याला ठेका होता.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती मी आजवर कोणाला सांगितली नाही. माझ्या सासूबाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांच्यासमोर सांगते.

त्या वेळी बाजारात गाण्यांची यादी दिली की दुकानदार कॅसेट भरून देत असे. कोरी कॅसेट आपण नेली तर पैसे कमी पडत. मला 'कुछ कुछ होता है' ची गाणी हवी होती. डब्यात तळाशी एक कॅसेट सापडली. तिच्यावर नाव नव्हते, काही लिहिलेले नव्हते. कागदावर नुसता एक तांबूस ठिपका होता. मला वाटले, डाग पडला आहे. पदराने पुसला आणि कॅसेट दुकानात दिली. दोन दिवसांनी भरून आली, तेव्हा तिच्यावर माझ्या चांगल्या अक्षरात सिनेमाचे नाव लिहिले.

पितृपंधरवडा आला. आईच्या तिथीला सासूबाईंनी पाने वाढून झाल्यावर तो डबा काढला आणि तीच कॅसेट उचलून टेपमध्ये घातली. त्यांना वाचता येत नाही. तो ठिपका म्हणजे त्यांच्या कुंकवाचे बोट होते. त्यांनी आपल्या हाताने लावलेली ती खूण होती. १९८६ साली मामांनी गावी जाऊन म्हातारीच्या ओव्या त्या कॅसेटवर भरून आणल्या होत्या. तीन वर्षांनी म्हातारी गेली. तेव्हापासून तिथीच्या दिवशी सासूबाई आईचा आवाज ऐकत असत.

टेप सुरू झाला आणि सिनेमाचे गाणे वाजू लागले. सासूबाईंनी कॅसेट उलटून पाहिली. दुसऱ्या बाजूलाही तेच. मी दाराशी उभी होते. माझे हातपाय गार पडले. त्या माझ्याकडे पाहून एवढेच म्हणाल्या, "आज तं म्हातारीनं सिनेमातलं गाणं धरलं वं!" आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या. त्यानंतर आजतागायत त्या विषयावर अक्षर बोलल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते.

कॅसेटच्या पाठीला दोन बारीक पट्ट्या असतात. त्या मोडून टाकल्या की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. विकतच्या कॅसेटला त्या मोडलेल्याच असत. घरी भरलेली कॅसेट जपायची तर आपण मोडायच्या असतात, हे मामांना ठाऊक नसावे. मला मात्र दादामुळे ठाऊक होते. भरायला देण्याआधी एकदा लावून ऐकावे, एवढे मला सुचले नाही. कारण माझ्या आवडीखेरीज दुसऱ्या कोणाची आवड असते, हेच मला तेव्हा कळत नव्हते.

ती कॅसेट मी पुन्हा ऐकली नाही. आवड मात्र हळूहळू बदलत गेली, आणि ती बदलते आहे हे मला समजलेही नाही. 'उंबरठा' हा १९८२ चा चित्रपट मी लहानपणी एकदा पाहिला होता. त्यात लताबाईंनी म्हटलेली सुरेश भटांची एक गझल आहे. तेव्हा ती मला फार संथ वाटली होती. २०११ च्या सुमारास, मुले शाळेत गेलेली, हे कामावर गेलेले, मी एकटी दुपारी तांदूळ निवडत असताना रेडिओवर तीच गझल लागली. माझे हात थांबले. सगळे गेल्यावर घर कसे होते, ते त्या बाईच्या आवाजात होते. मग चौकशी केली तेव्हा कळले, की सुरेश भट १९३२ साली आपल्या अमरावतीतच जन्मले. गाणे तेच होते. मीच तिथे पोहोचायला इतकी वर्षे घेतली.

२०१५ साली आपण मंडळाच्या बायका मिळून 'कट्यार काळजात घुसली' पाहायला गेलो होतो, आठवते ना? शास्त्रीय गाण्याला तोवर मी आ-ऊ म्हणत असे. १९६७ च्या मूळ नाटकात खाँसाहेबांचे काम वसंतराव देशपांड्यांनी केले होते, आणि चित्रपटात खाँसाहेबांची गाणी त्यांच्या नातवाने, राहुल देशपांड्यांनी म्हटली. वसंतराव आपल्या अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचे. ते एकाच घराण्याला बांधून राहिले नाहीत. नागपूरला शिकले, लाहोरला शिकले, जिथे चांगले दिसले तिथून घेतले. एवढा मोठा माणूस जर कान उघडे ठेवतो, तर मी कोणत्या तोऱ्यात कान झाकून बसले होते?

आणि गीतरामायण? २०२२ साली मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला. त्याला गाडीत बसवून घरी आले आणि सासऱ्यांची ती कॅसेट आपण होऊन लावली. कौसल्या रामाला वनात जाऊ नको म्हणते, ते गीत लागले. पुण्याला जाणे म्हणजे काही वनवास नव्हे, हे मलाही कळते. तरी ते गीत मी तीनदा ऐकले. ऐकायला सासरे नव्हते, याचे वाईट वाटले.

पण आवड वाढली म्हणून पुसलेले परत येत नाही. ते मनात सलतच होते. गेल्या वर्षी मुलीने मला फोनवर दाखवले, की हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन या दोघांनी कितीतरी वर्षे महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि 'पारी' हा संग्रह २०१७ पासून त्या लोकांपुढे आणतो आहे. मी ऐकत होते. मागून सासूबाई आल्या, उभ्या उभ्या ऐकू लागल्या आणि म्हणाल्या, "ह्या बाईची चाल वायली हाये. आमची माय असं नाही म्हणे." मी भीतभीत विचारले, "मग कशी म्हणत असत?"

त्यांनी म्हणून दाखवली. भावाची दमणी बांधावरून येताना दिसते, अशी ती ओवी होती. मग दुसरी म्हटली, मग तिसरी. म्हातारीचा आवाज मी पुसला होता, पण तिच्या ओव्या सासूबाईंच्या गळ्यात होत्या. मी पंचवीस वर्षे त्यांच्या बाजूला बसून भाजी निवडली आणि एकदाही विचारले नाही. आतापर्यंत त्रेचाळीस ओव्या झाल्या आहेत. मुलगी फोनवर भरते आणि मी वहीत लिहिते. काही अर्ध्या आठवतात. तिथे मी जागा सोडून ठेवली आहे. वहीवर नाव लिहिलेले नाही. सासूबाईंनी कुंकवाचे बोट लावले आहे.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी प्रत्येकीच्या घरी कोणी आई, सासू, आत्या आहे. पुढच्या महिन्यापासून मंडळाच्या बैठकीत शेवटची पंधरा मिनिटे त्यांच्यासाठी ठेवावी, अशी माझी सूचना आहे. त्यांची गाणी आपल्याला आज आवडतील असे नाही. मलाही आवडली नव्हती. पण आवडण्याची वेळ आली म्हणजे ती सापडली तरी पाहिजेत.

मुलीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देते. माझ्या आवडीची गाणी पुष्कळ आहेत, आणि 'आशिकी' ची गाणी लागली तर अजूनही माझा पाय ठेका धरतो. पण आईच्या जात्याला "पुरे कर" म्हटले होते, ते शब्द मागे घ्यावेसे वाटतात.

सासूबाई, त्या कॅसेटचे आज सर्वांसमोर कबूल केले. पदरात घ्यावे.

एवढे बोलून मी माझे चार शब्द संपवते.