कोलामार्काच्या रानम्हशी

ताडोबात दिसणारा गवा आपल्या ओळखीचा आहे. रानम्हैस वेगळी. गव्याच्या पाठीवर वशिंडासारखा उंचवटा असतो, हिची पाठ जवळजवळ सपाट. शिंगं मात्र पाहावीत हिचीच! बुडाशी तिकोनी, मागे वळत गेलेली, चंद्रकोरीसारखी. आजच्या कुठल्याही रानटी गुरापेक्षा लांब.

एकेकाळी मध्य भारताच्या पूर्व भागात, नदीकाठच्या गवताळ, दलदलीच्या रानांत त्यांचे कळप होते. आज महाराष्ट्रात त्या उरल्यात फक्त गडचिरोलीत, सिरोंचा वनविभागातल्या कोलामार्कात. २०१३ साली शासनाने हे सुमारे १८० चौरस किलोमीटरचं रान संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केलं. इंद्रावती नदी ओलांडली की पलीकडे छत्तीसगडचा इंद्रावती व्याघ्र प्रकल्प. हद्दी माणसांच्या, म्हशींना दोन्ही काठ सारखेच.

मग बाकीच्या गेल्या कुठे? शिकार झाली, हे खरंच. पण म्हशीला रोज पाणी, चिखल आणि कोवळं गवत लागतं, आणि नेमक्या त्याच सखल जमिनी धानाखाली गेल्या. त्यात गावच्या गुरांकडून बुळकांडी रानात शिरली. २०११ मध्ये हा रोग जगातूनच संपला, तोवर फार उशीर झाला होता. लाळ्या-खुरकुताचं भय आजही आहे. शिवाय रानरेडा आणि गावची म्हैस यांचा संकर होतो, आणि मूळ वाण हळूहळू पुसट होत जातं. हा धोका मला सर्वांत मोठा वाटतो, कारण तो चटकन दिसत नाही. म्हणून रानालगतच्या प्रत्येक गावातल्या जनावरांचं लसीकरण वेळेवर व्हायलाच हवं, आणि गावच्या म्हशी राखणीविना रानात सुटता कामा नयेत.