पक्ष्याच्या पायातील वाळे

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



शाळूच्या दिवसांत भोरड्यांच्या थव्यांवर गोफण फिरविणारे हात आपल्या परिचयाचे आहेत. उन्हाळा चढू लागला की हे थवे एकाएकी दिसेनासे होतात. उजनीच्या फुगवट्यावर हिवाळा काढणारे पट्टकादंब त्यांच्याही आधी गेलेले असतात. ते कोठे गेले, असे शाळेतील मुलाने विचारले तर 'आपल्या देशी गेले' एवढे उत्तर देऊन आपण पुढील धड्याकडे वळतो. तो देश कोणता आणि वाट कोणती, हे ज्या अगदी साध्या साधनामुळे माणसाला कळू लागले, त्याविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

डेन्मार्कमधील विबोर्ग या गावी हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सन नावाचे शिक्षक होते. १८९९ साली त्यांनी मैनेच्या कुळातील पक्ष्यांच्या पायांत ॲल्युमिनियमची हलकी कडी घातली आणि प्रत्येक कड्यावर क्रमांक व पत्ता कोरला. आपली भोरडी याच कुळातील. मॉर्टेन्सन हे शाळामास्तर होते, ही गोष्ट या सभेत मी मुद्दाम सांगतो.

आपल्या देशात हे कार्य मोठ्या प्रमाणावर सुरू झाले ते १९५९ पासून, आणि त्याला कारण झाला एक रोग. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली व माणसांना ताप येऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्याचा विषाणू शोधून काढला. तो रशियातील एका रोगाच्या विषाणूशी मिळताजुळता निघाल्यामुळे, स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींतून तो इकडे आला असेल काय, अशी शंका उत्पन्न झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली पक्षी पकडून, तपासून व कडी घालून सोडण्याचे काम हाती घेतले. पक्ष्यांवरील आळ सिद्ध झाला नाही. परंतु त्यांच्या वाटांविषयी पुष्कळ माहिती हाती आली. पक्षी इजा न होता धरावा कसा, हे ज्ञान ग्रंथांत नव्हते. ते बिहारमधील मीरशिकार या परंपरागत पारध्यांकडून घ्यावे लागले. आपल्याकडील फासेपारध्यांच्या अंगीही असेच कसब आहे. त्याचा असा सन्मानाचा उपयोग आपण अद्याप फारसा केलेला नाही.

तमिळनाडूतील कोडिक्कराईसारख्या ठिकाणी हे काम चालते तेव्हा स्वयंसेवकाचा दिवस झुंजुमुंजू होण्यापूर्वी सुरू होतो. डोळ्यांना न दिसणारी बारीक धाग्याची जाळी लावायची आणि ठराविक वेळाने ती फिरून पाहावयाची. उशीर झाला तर ऊन किंवा मांजर पक्ष्याचा प्राण घेते. पाय, पंख, डोके असा क्रम राखून गुंता सोडवावयाचा, पक्षी कापडी पिशवीत ठेवावयाचा, पंख मोजावयाचा, वजन करावयाचे, कडे बसवावयाचे आणि हात उघडावयाचा. नोंद करणाऱ्याने क्रमांक मोठ्याने परत म्हणून दाखवावा लागतो. एक आकडा चुकला तर सारी मेहनत वाया. वसंतातील वजनाला विशेष महत्त्व आहे. परतीच्या प्रवासापूर्वी पक्षी अंगावर चरबी साठवितो, तीच त्याची शिदोरी. उजनीचे पाणी उतरून डिकसळ, कुंभारगावच्या बाजूला चिखल उघडा पडतो, तेथे चिखलपक्ष्यांना ती मिळते. पट्टकादंबांना तर पुढे हिमालय ओलांडावयाचा असतो. उपग्रहाला संदेश देणारे यंत्र बसविलेला एक पट्टकादंब ७,२९० मीटर उंचीवर आढळल्याची नोंद आहे. अशी यंत्रे आता आली आहेत. २०२२ साली ठाणे खाडीतील सहा रोहितांना ती बसविण्यात आली. पण यंत्र महाग आणि ते थोड्याच पक्ष्यांना बसविता येते, म्हणून कड्याची गरज संपलेली नाही.

मात्र कडे स्वतः बोलत नाही. ते कोणीतरी वाचून कळवावे लागते. लहान पक्ष्यांच्या बाबतीत शंभर कड्यांमागे एकाचीही खबर परत येत नाही, हा नेहमीचा अनुभव. म्हणून जाळ्याजवळ बसणारा जितका स्वयंसेवक, तितकाच भीमेच्या काठचा मच्छीमारही.

भिगवणच्या बाजूला एका मच्छीमाराशी मी हे बोललो. त्याने शांतपणे विचारले, "साहेब, कडं आणून दिलं तर पंचनामा तर नाही ना होणार?" या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी आपणा शासकीय माणसांची आहे. १९७२ च्या कायद्यान्वये वन्य पक्षी पकडणे हा गुन्हा आहे, आणि कडी घालण्याचे कामदेखील परवानगीवाचून करता येत नाही. पण कड्याचा क्रमांक कळविणे हा गुन्हा नव्हे. कोणी तो घेऊन आला तर त्याला प्रथम चहा द्यावा, क्रमांक उतरून घ्यावा. पहिल्याच भेटीत त्याला उलटतपासणीला उभे केले, तर पुढची सर्व कडी पाण्यात जातील.

शिक्षकांनी मुलांना एवढेच शिकवावे: क्रमांक व त्यावरील अक्षरे जशीच्या तशी, ठिकाण, तारीख, पक्षी जिवंत की मृत, आणि ओळखता आला तर त्याचे नाव. जिवंत पक्ष्याचे कडे काढू नये. कडे दिसावे म्हणून पक्ष्यामागे धावू नये. दुर्बिणीतून किंवा छायाचित्रातून वाचता आले तर उत्तम. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये, अनेक पक्षी मेलेले दिसल्यास पशुवैद्यकीय दवाखान्याला तत्काळ कळवावे.

पत्ता असा: बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, हॉर्नबिल हाउस, शहीद भगतसिंग मार्ग, मुंबई. शाळेच्या फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तो लिहून ठेवावा आणि निदान उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत पुसू नये.