चूक कुठून आली, ते विचारा

(कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या मुलामुलींना लेखनात मदत करणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर केलेलं भाषण)



मी भाषेचा प्राध्यापक नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. चूक शोधणं हे माझं रोजचं काम. आमच्याकडे प्रोग्राम चुकला, तर तो ‘ढ’ आहे असं म्हणून कुणी बाजूला ठेवत नाही. तो असा का वागला, हे आधी शोधतात. माणसाच्या वहीला मात्र आपण एवढी सवलत देत नाही. तिथे लाल गोल काढतो आणि पुढे जातो.

ही सवलत देणाऱ्या एका बाईंची गोष्ट सांगतो. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात सिटी कॉलेज आहे, १८४७ साली स्थापन झालेलं. एप्रिल १९६९ मध्ये तिथल्या कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन विद्यार्थ्यांनी कॉलेजचा काही भाग ताब्यात घेतला. आजूबाजूची वस्ती आमची, मग वर्गात आम्ही इतके थोडे का, हा त्यांचा सवाल होता. १९७५ साठी ठरवलेली खुल्या प्रवेशाची योजना त्यामुळे १९७० मध्येच लागू झाली. शहरातल्या हायस्कूलमधून उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकाला सिटी युनिव्हर्सिटीच्या कुठल्या ना कुठल्या कॉलेजात जागा मिळू लागली.

दार उघडलं, पण पहिले निबंध हातात आल्यावर अनेक शिक्षकांनी कपाळाला हात लावला. ही मुलं कॉलेजच्या लायकीची नाहीत, असं उघड बोललं जाऊ लागलं.

मिना शॉनेसी १९६७ पासून तिथे शिकवत होत्या. १९७० ते १९७४ या काळात नव्या विद्यार्थ्यांनी चाचणीत लिहिलेले सुमारे ४,००० निबंध त्यांनी वाचले, चुका वेगवेगळ्या केल्या, त्यांची कुळं शोधली. त्यातून १९७७ मध्ये ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ हे पुस्तक आलं. पुढच्याच वर्षी त्या वारल्या. पुस्तकाचं सार एका वाक्यात सांगायचं तर, ही मुलं मंद नाहीत, नवशिकी आहेत, आणि नवशिक्याच्या चुकीमागे विचार असतो.

इंग्रजीत भूतकाळाचा ‘-एड’ बोलताना अनेकदा ऐकूच येत नाही. कानाने भाषा शिकलेला मुलगा तो लिहिताना गाळतो. शिक्षक रागावले की नको तिथेही लावतो. आपल्याला वाटतं, हा आणखी बिघडला. खरं तर तो आता नियम शोधू लागलेला असतो.

आता आपल्या वह्या उघडा. घरी दखनी किंवा उर्दू बोलणारी मुलगी मराठीत लिहिते: ‘माझी पुस्तक’, ‘माझा घर’, ‘पाणी आला’. तीन लाल गोल. पण उर्दूत लिंगं दोनच. किताब स्त्रीलिंगी, घर आणि पानी पुल्लिंगी. मराठीत नपुंसकलिंग हे तिसरं लिंग आहे, आणि हे तिन्ही शब्द त्यात येतात. तिने आपल्या भाषेचा हिशेब इथे चालवला, म्हणजे चुका तीन दिसल्या तरी चूक एकच आहे. ती दहा मिनिटांत समजावता येते, अंगवळणी पडायला मात्र काही महिने लागतात. घरी कोकणी बोलणाऱ्या मुलाच्या वहीत ही चूक कदाचित दिसणारही नाही, कारण कोकणीत तिन्ही लिंगं आहेत. म्हणून चुकांची तयार यादी चालत नाही, प्रत्येक वही वाचावी लागते.

दुसरी गोष्ट भीतीची. चूक होईल या धास्तीने नवशिका दोन ओळींवर अडतो, खोडतो, पुन्हा लिहितो. नॅन्सी सॉमर्स यांनी १९८० मध्ये मांडलं की विद्यार्थी सुधारणा म्हणजे शब्द बदलणं समजतात, आणि मुरलेले लेखक त्याच वेळी आपलं म्हणणं नेमकं काय आहे ते शोधत असतात. म्हणून क्रम पाळा. आधी म्हणणं, मग त्याची मांडणी, व्याकरण शेवटी. पहिल्या कच्च्या खर्ड्यावर लाल पेन चालवू नका.

तिसरी गोष्ट मानाची. अमेरिकेतल्या कॉलेज-लेखन शिक्षकांच्या संघटनेने १९७४ मध्ये ठराव केला की विद्यार्थ्याला स्वतःच्या बोलीचा हक्क आहे. आपल्यालाही हे सांगावं लागेल. दखनी म्हणजे बिघडलेली उर्दू किंवा मोडकी मराठी नाही. विजापूर-गोवळकोंड्याच्या दरबारात तिच्यात काव्य लिहिलं गेलं. त्या मुलीला घरची भाषा टाकून द्यायची नाही, आणखी एक भाषा लिहायला शिकायची आहे. आणि कॉलेजात लिहिली जाणारी मराठी कुणाच्याच घरात बोलली जात नाही, हेही तिला सांगा.

मग चुका सोडून द्यायच्या का? नाही. शॉनेसींवर तर टीका झाली की त्या व्याकरणात फारच गुंतल्या. त्यांची भूमिका व्यावहारिक होती: चूक वाचणाऱ्याचं लक्ष मजकुरावरून उडवते आणि म्हणणं बाजूला राहतं. पुण्यात काय नि परभणीत काय, अर्ज वाचणारा साहेब चुकीचं कूळ शोधत बसणार नाही. ते आपण आधी शोधायचं.

येत्या रविवारी एवढं करा. वहीतली एकच चूक निवडा, जी पुन्हा पुन्हा येते. ‘हे असं का लिहिलंस?’ असं विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. मग तेवढाच नियम शिकवा. बाकीच्या चुका पुढच्या आठवड्यात.

आपल्या वस्त्यांमध्ये रेशनकार्डाची तक्रार, शिष्यवृत्तीचा अर्ज, माहिती अधिकाराचं पत्र अजूनही दुसऱ्याकडून लिहून घेतलं जातं. लिहिणारा त्याच्या सोयीचं लिहितो, आणि सही आपली असते. वह्यांतले लाल गोल पाहून ज्या मुलीने लिहिणं सोडलं, तीही उद्या त्याच रांगेत उभी राहील. तिला त्या रांगेतून बाहेर काढायचं असेल, तर सुरुवात तिच्या वहीतल्या चुकीपासून करा. तिथे ती विचार करताना दिसते.