नास्तिकता आणि माणुसकी



पालकांच्या भेटीत एक तक्रार अलीकडे वारंवार कानावर येते. मुलगा कॉलेजात गेला, चार पुस्तके वाचली, आणि आता म्हणतो, मी अल्ला मानत नाही. आई रडते, वडील बोलणे टाकतात. भीती केवळ आखिरतची नसते. वरचा धाक गेला की हा पोरगा उद्या काय करील, याची धास्ती अधिक असते. मुलाला मात्र वाटते, आपण मोठी मजल मारली, आता करायचे काही उरले नाही. आज मला या दोघांशीही बोलायचे आहे. ईश्वर नाकारणाऱ्याने माणुसकीचे ओझे उचललेच पाहिजे काय? माझ्या मते उचललेच पाहिजे. माणुसकीने वागण्यासाठी नास्तिक होण्याची मात्र गरज नाही.

हुकूकुल्लाह आणि हुकूकुल इबाद हे दोन शब्द आपल्या घरोघरी ठाऊक आहेत. एक अल्लाचे हक्क, दुसरे त्याच्या बंद्यांचे. शेजाऱ्याचे बुडवलेले पैसे नमाजेने फिटत नाहीत, ते त्या शेजाऱ्यालाच परत करावे लागतात किंवा त्यानेच माफ करावे लागतात, असे आपले उलेमा सांगत आले. आता कोणी म्हणाला की पहिले खाते मी मानत नाही, तर त्याने दुसरे खाते बंद होत नाही. उलट ते जड होते. त्याला आता माफी मागायला माणसांखेरीज कोणी उरलेले नाही.

हे दुसरे खाते फाडून टाकले की काय होते, ते अल्बानियात दिसले. बहुसंख्य मुसलमानांचा तो देश. १९६७ साली एन्वर होजाच्या राजवटीने मशिदी आणि चर्च बंद केली आणि आपले राष्ट्र जगातील पहिले नास्तिक राष्ट्र म्हणून मिरवले. मौलवी आणि पाद्री तुरुंगात गेले, काहींचे प्राण गेले. बंदी उठायला १९९० साल उजाडावे लागले. ईश्वराला हटवले, पण त्या जागी माणूस आला नाही, पक्ष आला. धर्माच्या नावाने झालेल्या कत्तली आपल्याला ठाऊक आहेत, त्यांची यादी मी देत बसत नाही.

दुसरे उदाहरण आपल्याच देशातले आहे आणि ते मला फार मोलाचे वाटते. गोपाराजू रामचंद्र राव, म्हणजेच आंध्रातले ‘गोरा’. जन्म १९०२ सालचा, घराणे ब्राह्मणाचे, विषय वनस्पतिशास्त्र. नास्तिक मतांपायी १९३३ साली काकीनाड्याच्या कॉलेजातली प्राध्यापकी गेली. पुढे १९४० साली कृष्णा जिल्ह्यातील मुदुनूर या खेड्यात त्यांनी पत्नी सरस्वती यांच्या साथीने नास्तिक केंद्र उभे केले. १९४७ मध्ये ते विजयवाड्याला हलवले. नुसत्या सभा घेऊन ते थांबले नाहीत. अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्या वस्त्यांत प्रौढांना अक्षरओळख करून देणे, सर्व जातींची सहभोजने घालणे, हा त्यांचा नित्यक्रम होता. स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगही भोगला. मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी मुलगा झाला, त्याचे नाव ठेवले लवणम्!

१९४४ च्या अखेरीस गोरा वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला गांधीजींकडे गेले. रोज प्रार्थना करणारा महात्मा आणि प्रार्थना न मानणारा कार्यकर्ता, अशी ती गाठ. गांधीजींनी विचारले की देव नसणे आणि नास्तिकता यांत फरक काय? गोरांच्या उत्तराचा आशय असा होता की पहिली गोष्ट नुसता नकार आहे, नकारानंतर माणूस कसा उभा राहतो ती नास्तिकता. गोरांनी हे सारे पुढे पुस्तकात लिहिले आणि १९५१ साली ते गांधीजींच्याच ‘नवजीवन’ने छापले. माझ्या विद्यार्थी मित्रांनी ते अवश्य वाचावे.

गोरांनी आपली थोरली मुलगी मनोरमा हिचा विवाह अर्जुनराव या दलित तरुणाशी ठरवला. तो सेवाग्रामला व्हावा, ही गांधीजींची इच्छा. विधीत ईश्वराच्या नावाऐवजी सत्याचे नाव घ्यायलाही ते तयार झाले. ‘सत्य हाच ईश्वर’ असे ते १९३१ पासून म्हणतच होते. ३० जानेवारी १९४८ रोजी त्यांची हत्या झाली. विवाह ठरल्या ठिकाणी मार्चमध्ये पार पडला. श्रद्धाळू माणसाने आपल्या शब्दांत थोडी जागा केली, नास्तिकाने आपल्या घरातली मुलगी दिली. दोघांपैकी कोणीही आपले मत सोडले नाही.

गोरांचे सगळेच मला पटते असे नाही. १९७२ साली त्यांनी गोमांस आणि डुकराचे मांस एकाच पंक्तीत वाढण्याचा जाहीर कार्यक्रम केला. हिंदूंचेही मन दुखवायचे आणि मुसलमानांचेही, यातून माणसे जवळ कशी येणार? सहभोजनाने जे साधते ते अशा पंगतीने साधत नाही. परंतु १९७७ च्या भीषण चक्रीवादळानंतर दिवी तालुक्यात मदतीला धावलेल्यांत याच केंद्राची माणसे होती. लवणम् आणि त्यांच्या पत्नी हेमलता यांनी पुढे जोगिनी प्रथेत अडकलेल्या मुलींसाठी काम केले. त्या मुलींनी त्यांना, तुम्ही देव मानता का, असे आधी विचारले असेल असे मला वाटत नाही.

आपल्या समाजात मात्र हा प्रश्न नेहमी आधी विचारला गेला. मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला. मागणी तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व यांविरुद्ध होती. दलवाई श्रद्धावान नव्हते आणि त्यांनी ते लपवलेही नाही. आपण त्यांच्या इमानाची चौकशी करण्यात इतके गुंतलो की त्या सात बायकांचे म्हणणे ऐकायचे राहून गेले. दलवाई १९७७ साली गेले. एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली रद्द ठरवला. मधल्या काळात ज्यांच्या हातात एका वाक्याचा तलाक पडला, त्या कोणाच्या तरी लेकी होत्या. दलवाईंच्या अनेक मतांशी माझे पटत नाही. पण बंद्यांच्या हक्काचे खाते त्या दिवशी कोणी उघडून दाखवले, हे मला विसरता येत नाही.

म्हणून पालकांना विनंती. मुलगा किंवा मुलगी असा प्रश्न घेऊन आली तर ताट वेगळे करू नका. तू मानत नाहीस, ठीक आहे, मग मोहल्ल्यासाठी काय करतोस, एवढे विचारा. आणि तरुण मित्रांनो, याच प्रश्नाला उत्तर द्यायची तयारी ठेवा. आपल्या संस्थेच्या संध्याकाळच्या अभ्यासिकेत आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवायला माणसे हवी आहेत. अर्जावर नाव, शिक्षण आणि मोकळा वेळ एवढेच रकाने आहेत. नावे आजच कार्यालयात द्यावीत.